मादागास्करची भूक आणि आकाशाचे निमित्त

२०२१ च्या मध्यावर मादागास्करच्या दक्षिण टोकाकडून आलेली छायाचित्रे जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आली. हाडांचा सापळा झालेली मुले, भेगाळलेली शेते, आणि पोटातली आग विझवायला टोळ, रानटी पाने, निवडुंगाची फळे, इतकेच नव्हे तर चिंचेत कालवलेली माती खाणारी कुटुंबे. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने त्या वेळी जे सांगितले ते मथळ्यात नेमके बसणारे होते. इथे युद्ध नाही, यादवी नाही, ही उपासमार हवामान बदलाने घडवलेली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ‘हवामान बदलाने आणलेली जगातली पहिली उपासमार’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून रूढ झाला आणि आजही भाषणांत, पाठ्यक्रमांत, निधीच्या आवाहनांत तो बिनदिक्कत वापरला जातो.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘वर्ल्ड वेदर अॅट्रिब्युशन’ या शास्त्रज्ञांच्या गटाने आपला अभ्यास जाहीर केला. एखाद्या टोकाच्या हवामान घटनेत मानवनिर्मित तापमानवाढीचा वाटा किती, हे मोजणे हेच या गटाचे काम. जुलै २०१९ ते जून २०२१ या दोन वर्षांत दक्षिण मादागास्करात सरासरीच्या अवघा ६० टक्के पाऊस पडला होता आणि असा तुटवडा साधारण १३५ वर्षांतून एकदा येतो, असे त्यांना आढळले. पण या तुटवड्यात तापमानवाढीचा ठळक हात दिसत नाही, तो निसर्गाच्या नेहमीच्या चढउतारांत बसतो, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. उपासमार झाली ती गरिबी, सुविधांचा अभाव आणि पावसावरच अवलंबून असलेली शेती यांमुळे. या निष्कर्षाला पहिल्या बातमीइतकी जागा मिळाली नाही. मिळणारही नव्हती, ‘रस्ता नसल्याने माणसे उपाशी’ हा मथळा कोणाला हवा असतो?

इथे हवामान बदल खरा की खोटा, हा वाद नाही. तो खरा आहे, आणि मादागास्करच्या वाट्याला त्याचे फटकेही येत आहेत. त्याबद्दल पुढे येईलच. प्रश्न निदानाचा आहे. ताप आला की प्रत्येक वेळी मलेरिया म्हणणारा डॉक्टर अनेकदा बरोबर ठरतो, पण ज्या रुग्णाला टायफॉइड असतो तो दगावतो. मादागास्करच्या बाबतीत हे चुकीचे निदान किती महागात पडते, हे समजायला त्या बेटाचा भूगोल आधी नीट पाहायला हवा.

ग्रीनलंड, न्यू गिनी आणि बोर्निओ यांच्यानंतरचे हे जगातले चौथे मोठे बेट. क्षेत्रफळ सुमारे ५ लाख ८७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट. लोकसंख्या मात्र तीन कोटींच्या आसपास, महाराष्ट्राच्या पाव हिश्शाइतकी. उत्तर-दक्षिण लांबी दीड हजार किलोमीटरहून जास्त. आफ्रिका आणि हे बेट यांच्यामधली मोझांबिकची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागीही चारशे किलोमीटरच्या आसपास रुंद आहे. मकरवृत्त बेटाच्या दक्षिण भागातून जाते, म्हणजे जवळजवळ सगळा देश उष्ण कटिबंधात येतो. पण ‘उष्ण कटिबंधातले बेट’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे नारळाचे चित्र उभे राहते ते या देशाच्या जेमतेम एका पट्ट्याला लागू पडते.

सह्याद्री माहीत असलेल्या माणसाला हे बेट समजायला वेळ लागत नाही. चित्र फक्त आरशात पाहायचे. कोकणात पश्चिमेला समुद्र, मग चिंचोळी किनारपट्टी, मग घाटाची उभी भिंत आणि तिच्यामागे पठार. मादागास्करात हेच सारे पूर्वेकडून सुरू होते. हिंदी महासागरावरून येणारे आग्नेय व्यापारी वारे पूर्व किनाऱ्यावर आदळतात, अरुंद किनारपट्टी ओलांडून कड्यावर चढतात आणि तिथेच रिते होतात. पूर्व उतारावर वर्षाला दोन ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ बाराही महिने विभागलेला असतो. कड्याच्या माथ्यावर मध्य पठार आहे. राजधानी अंतानानारिव्हो त्यावर सुमारे १,२८० मीटर उंचीवर वसली आहे. हिवाळ्यात तिथे स्वेटर लागतो. तिथून जमीन पश्चिमेकडे हळूहळू उतरत जाते, बहुतेक मोठ्या नद्या तिकडेच वाहतात आणि जसजसे नैऋत्येला जावे तसतसे आकाश कोरडे होत जाते. तोलियाराच्या किनाऱ्यावर वर्षाला जेमतेम साडेतीनशे-चारशे मिलिमीटर. माण-खटावच्या माणसालाही कमी वाटावा इतका.

माती लाल, जांभ्याची. रत्नागिरीच्या सड्यावरून गेलेल्या माणसाला ती लगेच ओळखू येईल. पठारावरच्या टेकड्यांना या मातीत प्रचंड घळी पडतात, त्यांना तिथे ‘लावाका’ म्हणतात. पावसाळ्यात बेत्सिबोका नदी या मातीने इतकी लाल होते की तिचा मुखाजवळचा रंग अंतराळातून काढलेल्या छायाचित्रांतही उठून दिसतो.

ज्या वाऱ्यांनी हा भूगोल घडवला त्यांचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. मादागास्करच्या आग्नेयेला समुद्रावर एक मोठे उच्चदाबाचे क्षेत्र असते, मस्कारीन उच्चदाब. उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात तिथून निघालेले वारे बेटाच्या उत्तर टोकाजवळून वाहत आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागतात, विषुववृत्त ओलांडतात, वळतात आणि नैऋत्य मोसमी वारे म्हणून कोकणावर येऊन आदळतात. जूनमध्ये सिंधुदुर्गात कोसळणाऱ्या पावसामागे मादागास्करच्या शेजारच्या हवेचा रेटा असतो. तेव्हा बेटावर कोरडा, थंड हंगाम चालू असतो, पूर्व किनारा तेवढा भिजत राहतो. त्यांचा मुख्य पावसाळा नोव्हेंबर ते एप्रिल. पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो तेव्हा उत्तर, पश्चिम आणि पठार यांना पाणी मिळते. अगदी दक्षिणेला मात्र त्याची शेपटी तेवढी पोहोचते, आणि ज्या वर्षी ती आखूड पडते त्या वर्षी घरात दाणा राहत नाही.

नाते याहूनही जुने आहे. भारत आणि मादागास्कर हा एकेकाळी एकच भूखंड होता. आफ्रिकेपासून तो सुटला आणि पुढे सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी भारत मादागास्करपासून वेगळा होऊन उत्तरेकडे निघाला. दख्खनच्या पठाराचा काळा दगड तयार व्हायला तेव्हा अजून दोन कोटींहून अधिक वर्षे अवकाश होता.

आता दक्षिणेकडे. तिथल्या अंद्रुय प्रदेशात राहणारे ते अंतान्द्रुय, शब्दशः काट्यांच्या मुलखातली माणसे. काटेरी झुडपांचे ते जंगल जगात इतरत्र कुठे नाही. उपासमारीच्या काळाला त्यांच्या बोलीत ‘केरे’ असा स्वतंत्र शब्द आहे आणि तो २०२१ मध्ये जन्माला आलेला नाही. गावांतली वडीलधारी माणसे एकेका केरेला नावाने ओळखतात, जसे महाराष्ट्रात बहात्तरचा दुष्काळ म्हटल्यावर वेगळे काही सांगावे लागत नाही.

या केरेच्या इतिहासात एक प्रकरण मुद्दाम सांगण्यासारखे आहे. अठराव्या शतकात फ्रेंचांनी या भागात अमेरिकेतला फड्या निवडुंग आणला. तो तिथे असा रुजला की अंतान्द्रुयांचे सगळे जगणे त्याच्याभोवती उभे राहिले. स्थानिक नाव राकेता. त्याची फळे माणसे खात, कोरड्या महिन्यांत काटे जाळून पाने गुरांना घालत. त्यातून चारा आणि पाणी दोन्ही भागे. गावाभोवती त्याचे अभेद्य कुंपण असे, आणि फ्रेंच सैन्यालाही ते ओलांडताना नाकी नऊ येत. १९२० च्या दशकात कोचिनील नावाचा किडा बेटावर आणण्यात आला. हा किडा निवडुंगाचा रस शोषतो. काही वर्षांत हजारो हेक्टरवरचा निवडुंग सुकून गेला. गुरे मेली, माणसे मेली, उरलेली उत्तरेकडच्या मळ्यांवर मजुरीला गेली. वसाहतीच्या सरकारला नेमके हेच हवे होते की परिणामांचा अंदाज चुकला, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. भारतातही त्याच दशकात याच जातीचा किडा निवडुंग मारायला आणला होता आणि तो शेतीसंशोधनाचा विजय मानला गेला. इथल्या शेतकऱ्याला निवडुंग हे तण होते. अंतान्द्रुयांना तो अन्नाचा आणि पाण्याचा साठा होता. पाऊस त्या वर्षांतही अधूनमधून रुसलाच असेल, पण पावसाच्या अपयशावर तोडगा म्हणून लोकांनी जे उभे केले होते ते माणसांनी काढून घेतले.

नंतर त्या जागी दुसरे काही उभे राहिले नाही. दक्षिणेकडे जाणारा मुख्य रस्ता, राष्ट्रीय मार्ग १३, नावालाच राष्ट्रीय होता. जेमतेम पाचशे किलोमीटरच्या त्या वाटेवर मालमोटारींना दिवसच्या दिवस लागत. ज्या देशाच्या पूर्व भागात त्याच वेळी पाऊस पडत होता, भात पिकत होता, त्या देशाच्या दक्षिणेत धान्य पोहोचत नव्हते, आणि पोहोचले तर ते घेण्याची ऐपत नव्हती. पाण्यासाठी माणसे मांद्रारे नदीच्या कोरड्या पात्रात झिरे खणून वाटीवाटीने पाणी काढतात, पिवळ्या डब्यांत भरून विकतात. झाडोरा गेल्याने मोकळी झालेली वाळू वाऱ्याबरोबर शेतांवर येऊन बसते. त्या लाल वाऱ्याला त्यांनी ‘तिउमेना’ म्हटले आहे. २०२१ मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांना पुरेसे अन्न नव्हते आणि हजारो माणसे उपासमारीच्या शेवटच्या पायरीवर होती. यातली किती संकटे आकाशातून पडली?

कमी पाऊस म्हणजे भूक, जास्त पाऊस म्हणजे भरल्या पोटाची मुले, हे समीकरण खरे असते तर मादागास्करच्या पठारावरची मुले सर्वांत सुदृढ असायला हवी होती. तिथे पाऊस बेताचा पण भरवशाचा आहे, डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे आहेत, भाजी होते, दूधही होते. प्रत्यक्षात उलटे आहे. देशातल्या पाच वर्षांखालच्या सुमारे ४० टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे, आणि हे प्रमाण सर्वांत जास्त आढळते ते दुष्काळी दक्षिणेत नव्हे, तर मध्य पठारावरच्या व्हाकिनांकारात्रासारख्या हिरव्यागार प्रांतांत.

याची कारणे आरोग्यशास्त्राला अपरिचित नाहीत. मादागास्करचा माणूस वर्षाला शंभर किलोहून अधिक तांदूळ खातो. ताट भरते, पण त्यात डाळ, अंडे, तेल, भाजी फार थोडी असते. जे पिकते आणि ज्याला भाव येतो ते बाजारात जाते. भाताची नवी कापणी येण्याआधीचे दोन-तीन महिने घरातली कणगी रिकामी असते आणि शेतातले काम मात्र सर्वांत जड असते. गरोदर बाई त्याच दिवसांत चिखलात वाकून रोपे लावते. स्वच्छ पाणी आणि संडास नसल्याने मुलांची पोटे सतत बिघडलेली, त्यामुळे खाल्लेले अंगी लागत नाही. आयुष्याच्या पहिल्या दोन वर्षांत खुंटलेली वाढ नंतर भरून निघत नाही, हे डॉक्टर कंठशोष करून सांगतात. पण उंचीला कमी असलेले मूल छायाचित्रात उपाशी दिसत नाही, शेजारची सगळी मुले तेवढीच असतात. त्यामुळे त्याच्यासाठी आवाहन निघत नाही. दक्षिणेची भूक जगाला दिसली. पठारावरची भूक तिथल्या आईलाही दिसत नाही, आणि आकड्यांत तीच मोठी आहे.

पठाराची दुसरी कहाणी प्लेगची. महाराष्ट्रात प्लेग म्हटले की १८९६ ची मुंबई, १८९७ चे पुणे, रँड आणि चापेकर आठवतात. आजीच्या तोंडून ऐकलेल्या, गाव सोडून माळावर झोपड्या टाकल्याच्या गोष्टी आठवतात. त्याच साथीची लाट जहाजांवरच्या उंदरांबरोबर १८९८ मध्ये मादागास्करच्या तोआमासिना बंदरात उतरली. पुढे किनारा आणि राजधानी यांना जोडणारी रेल्वे झाली आणि १९२१ मध्ये प्लेग अंतानानारिव्होला पोहोचला. भारतातून तो जवळजवळ गेला, तिथे तो राहिला. राहिला तोही सगळ्या बेटावर नाही. समुद्रसपाटीपासून साधारण आठशे मीटरच्या वर, थंड पठारावर काळ्या उंदरांत आणि त्यांच्या पिसवांत त्याने कायमचे घर केले. त्या पिसवांपैकी एक जात तर फक्त मादागास्करातच सापडते. भूगोल रोगाला जागा देतो म्हणतात ते असे.

दरवर्षी सप्टेंबर ते एप्रिल हा प्लेगचा हंगाम. कापणीनंतर आणि रान जाळल्यावर शेतातले उंदीर घरांकडे वळतात आणि काही माणसे गाठीच्या प्लेगने आजारी पडतात. २०१७ मध्ये मात्र वेगळे घडले. पठारावरून किनाऱ्याकडे निघालेल्या भाड्याच्या खचाखच भरलेल्या गाडीत एक प्रवासी फुप्फुसाच्या प्लेगने आजारी होता. हा प्रकार खोकल्यातून माणसाकडून माणसाकडे जातो. त्याला ना उंदीर लागतो ना पिसू. साथ शहरांत शिरली. ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात संशयित धरून २,४१७ रुग्ण आणि २०९ मृत्यू नोंदले गेले, आणि त्यांतले बहुसंख्य रुग्ण फुप्फुसाच्या प्लेगचे होते. स्ट्रेप्टोमायसिन, डॉक्सिसायक्लिन ही औषधे जुनी आहेत, स्वस्त आहेत आणि वेळेवर दिली तर गुणकारी आहेत. ‘वेळेवर’ याचा अर्थ फुप्फुसाच्या प्लेगमध्ये पहिला एक दिवस. दवाखाना पायी अर्ध्या दिवसाच्या वाटेवर असेल आणि तिथल्या कपाटात औषध असेलच याची खात्री नसेल, तर एक दिवस कसा पुरावा? बाहेरच्या पत्रकारांना या साथीत सर्वांत रस वाटला तो पूर्वजांची हाडे पुन्हा गुंडाळण्याच्या तिथल्या प्रथेत. जणू साथ त्या प्रथेमुळेच पसरली. गरिबाच्या आजाराचे कारण त्याच्या चालीरीतीत शोधण्याची ही सवय पुण्यातल्या प्लेग कमिटीइतकीच जुनी आहे. आणि याच देशातल्या पाश्चर संस्थेत १९३० च्या दशकात प्लेगवरची जिवंत जंतूंची लस विकसित झाली आणि लाखोंना टोचली गेली, हे कोणी सांगितले नाही. ज्ञान तिथे नव्हते असे कधीच नव्हते.

गोवराचेही तसेच. २०१८-१९ मध्ये गोवराच्या साथीत एक लाखाहून अधिक माणसे आजारी पडली आणि हजारावर मृत्यू झाले. त्यांत बहुतेक मुले. गोवराचा पावसाशी काही संबंध नाही. लस न पोहोचणे आणि खंगलेली शरीरे, एवढे दोनच दुवे.

हवामान बदलाच्या बाजूने जे बोलायला हवे ते पूर्व किनाऱ्यावर. हिंदी महासागरातल्या चक्रीवादळांच्या वाटेत हे बेट भिंतीसारखे आडवे पडले आहे. २०२२ च्या जानेवारी ते मार्च या काळात एकामागून एक पाच वादळी प्रणाली त्याच्यावर येऊन गेल्या. त्यांतल्या बात्सिराय या वादळाने ५ फेब्रुवारीच्या रात्री मानांजारी शहराजवळ किनारा गाठला आणि शंभराहून अधिक बळी घेतले. घरे, शाळा, दवाखान्यांची छपरे उडाली. लोक पत्रे गोळा करून पुन्हा ठोकत होते तोवर अडीच आठवड्यांनी एम्नाती आले. पुढच्या फेब्रुवारीत फ्रेडी याच मानांजारीजवळ धडकले. ज्या शास्त्रज्ञांच्या गटाने दुष्काळात तापमानवाढीचा हात दिसत नाही म्हटले होते, त्यांनीच २०२२ च्या वादळांचा अभ्यास करून त्यांच्यातला पाऊस तापमानवाढीने वाढला असल्याचे सांगितले. एकच गट, एकच पद्धत, दोन वेगळी उत्तरे. विज्ञान प्रामाणिक असले की असेच होते, आणि म्हणूनच त्याच्या दुसऱ्या उत्तरावर विश्वास ठेवता येतो.

पण पाऊस नेमका किती वाढला हे त्यांना सांगता आले नाही. कारण मोजायला पुरेशी हवामान केंद्रे नव्हती, होती त्यांच्या नोंदींत खंड होते. महाराष्ट्राच्या दुप्पट आकाराच्या देशात पाऊस किती पडला हे ठामपणे सांगता येत नसेल, तर वादळाचा इशारा, पिकाचा अंदाज, मलेरियाच्या साथीचा अंदाज, सगळेच आंधळे. पर्जन्यमापक ही काही महागडी वस्तू नाही. ते रोज सकाळी वाचणाऱ्या माणसाला दरमहा पगार देणे महाग पडते, कारण त्या पगाराचे छायाचित्र निघत नाही.

जंगलाच्या बाबतीत बोट दाखवण्याचा खेळ आणखी जुना आहे. बेटावरच्या वनस्पती आणि प्राण्यांपैकी बहुसंख्य जाती जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. लेमूर तर आहेतच. महाराष्ट्रात जुन्या आवारांत कुठेकुठे उभ्या असलेल्या गोरखचिंचेच्या कुळातल्या जगातल्या आठ जातींपैकी सहा फक्त मादागास्करच्या. उन्हाळ्यात मुंबई-पुण्याचे रस्ते पेटवणारा गुलमोहरही मूळचा तिथलाच. १९५३ ते २०१४ या काळात बेटावरचे ४४ टक्के नैसर्गिक जंगल गेले, हा उपग्रह आणि जुनी हवाई छायाचित्रे ताडून काढलेला आकडा आहे. दोष नेहमी ‘तावी’ला दिला जातो, म्हणजे जंगल तोडून, जाळून त्या राखेत भात पेरण्याच्या पद्धतीला, इथल्या कुमरी शेतीसारखीच. तावीने जंगल जाते हे खोटे नाही. पण फ्रेंच सरकारने तावीवर बंदी घातली त्याच काळात कॉफीच्या मळ्यांसाठी आणि लाकडासाठी जंगलाचे मोठमोठे तुकडे कंपन्यांना दिले जात होते. आणि आजही ज्याला कडेची एक खाचर मिळत नाही, खत परवडत नाही, तोच उतारावर कोयता घेऊन जातो. त्याला जंगलाचे महत्त्व शिकवायला माणूस पाठवण्यापेक्षा त्याच्या खाचराला पाणी पोहोचवणे जंगलाच्या अधिक उपयोगाचे आहे.

त्या जंगलाच्या कडेला, वाळूत, रस्त्याकाठी उगवणारे एक झुडूप घरोघरी माहीत आहे. सदाफुली. मूळ मादागास्करचे. १९५० च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी मधुमेहावर काही मिळते का म्हणून तिचा पाला तपासायला घेतला. साखर उतरली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरल्या. त्यातून विनब्लास्टिन आणि विन्क्रिस्टिन ही दोन औषधे निघाली. १९६० च्या दशकापासून मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरच्या उपचारात विन्क्रिस्टिन आहे, आणि श्रीमंत देशांत हा कर्करोग झालेली बहुसंख्य मुले आज बरी होतात. सदाफुली शेकडो वर्षांपूर्वीच उष्ण प्रदेशांत पसरली असल्याने त्या फुलावर मादागास्करचा हक्क सांगायला कायद्यात जागाच नव्हती. अंतान्द्रुयांच्या मुलखाच्या कडेला माणसे सदाफुलीची मुळे आणि पाला गोळा करून, सुकवून, किलोच्या भावाने निर्यातीसाठी विकत आली. त्यांच्या मुलाला हा आजार झाला तर औषध दूरच राहिले, रोगाचे नाव कळण्याचीही शक्यता कमी.

हे सगळे पाहिल्यावर ‘हवामान बदलाची पहिली उपासमार’ हा शब्दप्रयोग केवळ चुकीचा वाटत नाही, तो सोयीचा वाटतो. राजधानीतल्या सरकारला सोयीचा, कारण दोष देशाबाहेर जातो. देणाऱ्यांना सोयीचा, कारण एका आवाहनात सगळे सांगून होते. आणि जुन्या मालकांनाही सोयीचा, कारण मग निवडुंगाची आठवण काढावी लागत नाही. जगाच्या धुरात मादागास्करचा वाटा नगण्य आहे आणि श्रीमंत देशांनी त्याला भरपाई द्यायला हवी, ही मागणी न्याय्यच आहे. ती वादळांच्या पायावर ठामपणे उभी राहते. तिला दुष्काळाचा डळमळीत टेकू दिला की मागणी कमकुवत होते आणि मिळालेला पैसाही भलतीकडे जातो: धान्याची जहाजे येतात, पण रस्ता होत नाही.

कोरडे आकाश म्हणजे उपासमार असा नियम नाही, याचा पुरावा शोधायला महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही. १९७० ते १९७३ या काळात इथे एकापाठोपाठ पावसाळे फसले, १९७२ ला तर कहरच झाला. अनेक जिल्ह्यांत पीक हाती आलेच नाही. १९७३ च्या मे महिन्यात जवळजवळ ५० लाख माणसे सरकारी दुष्काळी कामांवर होती, खडी फोडत होती, पाझर तलाव आणि रस्ते करत होती. सुकडी आणि मिलो खाऊन लोकांनी ते वर्ष काढले. हाल झाले, गुरे गेली, पण ज्या प्रमाणात भूकबळी जाण्याची भीती होती ते गेले नाहीत. पाऊस कमी असला तरी हातात मजुरी होती आणि तिच्यावर विकत घ्यायला धान्य येत होते. अंद्रुयमध्ये २०२० साली या दोन्ही गोष्टी नव्हत्या.

तापमान आणखी वाढत गेले तर दक्षिण मादागास्करातले दुष्काळ पुढे तीव्र होतील, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. तेव्हा आज ज्या आजाराचे निदान चुकले तो उद्या खरोखरच होणार आहे. अशा वेळी रस्ता, झिऱ्याऐवजी नळ, कपाटात डॉक्सिसायक्लिन, बाळाच्या ताटात अंडे आणि सकाळी पर्जन्यमापक वाचणारा माणूस, ही यादी बदलत नाही. ती तापमानवाढीसाठी वेगळी आणि गरिबीसाठी वेगळी नसते.

२०२५ च्या सप्टेंबरअखेर अंतानानारिव्होच्या रस्त्यांवर तरुण मुले उतरली. महिनाभराच्या आत राष्ट्राध्यक्षांना देश सोडावा लागला आणि लष्कराने सत्ता हातात घेतली. आंदोलनाची सुरुवात झाली ती वीज आणि पाणी यांवरून. नळाला पाणी येत नाही, ही त्यांची पहिली तक्रार होती. त्या शहरात वर्षाला तेराशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो.